पवनेकाठचा मुक्काम

तंबू नावाची वस्तू आमच्या घराण्यात आजवर कोणी विकत घेतली नव्हती. छत्र्या घेतल्या, ताडपत्री घेतली, थोरल्या बहिणीच्या लग्नात मांडवही भाड्याने आणला; परंतु डोक्यावर चांगले सिमेंटचे छप्पर असताना पैसे मोजून आणखी एक कापडी छप्पर आणावे आणि त्याच्याखाली दगडाधोंड्यांवर जाऊन निजावे, ही कल्पना आमच्या चिरंजीवांची. आणि तिचे मूळ थेट ऑस्ट्रेलियात!

त्याचे असे झाले. परीक्षा आटोपल्यापासून चिरंजीव रोज रात्री कुठल्याशा ऑस्ट्रेलियन कुटुंबाचा प्रवास पडद्यावर पाहत असे. नवरा, बायको, तीन मुले आणि एक कुत्रे. मोटारीच्या टपावर तंबू आणि पाण्याची पिंपे लादून ही मंडळी लाल मातीच्या ओसाड मुलखातून दिवसचे दिवस हिंडत. माणूस दिसायला शेकडो किलोमीटर जावे लागे. त्या मुलखाला म्हणे ‘आऊटबॅक’ म्हणतात. एके रात्री चिरंजीवांनी मान वर न करता विचारले, “बाबा, आपल्याकडे आऊटबॅक नाही का?”

मी मराठीचा प्राध्यापक. आपल्याकडे अमुक नाही, हे ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी ताबडतोब म्हणालो, “आहे की! मावळ!”

बोलून तर गेलो. आता चिंचवडात राहणाऱ्या माणसाने मावळला ओसाड मुलूख म्हणणे म्हणजे दादरच्या माणसाने ठाण्याला परदेश म्हणण्यापैकी आहे. लोणावळ्याची लोकल आमच्या खिडकीतून ऐकू येते. परंतु लोकलच्या रुळापासून आठदहा किलोमीटर आत शिरलात की मावळ निराळे आहे. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख म्हणून मावळ, असे सांगतात. बारा मावळांतली पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावे मी वर्गात शिवचरित्राच्या निमित्ताने दरसाल घेतो. मुले ती वहीत उतरवून घेतात. त्यांपैकी एकाही मावळात मी एक रात्रसुद्धा काढलेली नव्हती, हे मुलांना कशाला सांगा?

आई त्या वेळी परातीत तांदूळ निवडीत बसली होती. ती एवढेच म्हणाली, “मावळात जाऊन तंबूत कशाला राहायचं? तिथं काय घरं नाहीत का?”

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आईचे माहेर पवन मावळातले. होते, असे म्हणायला हवे. कारण १९७२ साली पवना धरण पुरे झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. आईचे लग्न त्याच्या आदल्या वर्षी झाले. ती चिंचवडला आली ती पिंपरीच्या कारखान्यातल्या एका तरुण कामगाराची बायको होऊन. पुढच्या नागपंचमीला तिला न्यायला मुऱ्हाळी आला नाही. कुठून येणार? तिचे वडील मुंबईत डबेवाले होते. मावळातल्या पुष्कळ घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या तेच काम करीत आले आहेत. गाव उठले तशी भावंडेही मुंबईलाच गेली. हे सारे आम्हांला ठाऊक होते, पण ते जसा आपला रक्तगट आपल्याला ठाऊक असतो तसे. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

आणि गंमत पाहा. त्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला येते. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येते. आईने गेली पन्नास वर्षे त्याच पाण्यात डाळ शिजवली.

बेत ठरला तेव्हा आईला शेजाऱ्यांकडे ठेवायचे की बहिणीकडे, याची आम्ही दोघे हलक्या आवाजात चर्चा करीत होतो. आतून आवाज आला, “मी पण येते.”

“आई, जमिनीवर झोपावं लागेल हो,” सौ. म्हणाली.

“मग? जन्मले ती काय पलंगावर?”

मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी आम्ही निघालो. मंगळवार मुद्दाम निवडला, कारण पवनेच्या काठी गेल्या काही वर्षांत तंबूंची वस्तीच उठली आहे आणि शनिवार-रविवारी तिथे ध्वनिवर्धकाच्या आवाजात स्वतःचे नाव विसरायला होते, अशी माहिती मिळाली होती. गाडीत पाच माणसे, दोन तंबू, एक शेगडी, फुगवायच्या गाद्या, सौ.चे मसाल्यांचे डबे आणि कन्येने शेवटच्या क्षणी आणलेला एक उशीएवढा कापडी हत्ती. ऑस्ट्रेलियन कुटुंबाला कुत्रे होते, त्या जागी आमचा हत्ती.

जुन्या रस्त्याने देहूरोड, तळेगाव करीत वडगावला आलो. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना महादजी शिंद्यांनी इथेच कोंडून तह लिहायला लावला होता. मी गाडी हळू करून ही हकीकत सांगायला घेतली, परंतु मागच्या बाकावर वडापावाचा विषय निघाला आणि इतिहास मागे पडला.

कामशेतच्या चौकात डावीकडे वळलो आणि रस्ता एकाएकी गप्प झाला. दोन्ही बाजूंना भाजून ठेवलेली भाताची खाचरे. मावळात पेरणीआधी वाफ्यात पाला-शेण पसरून जाळतात, त्याला ‘राब’ म्हणतात. ती काळी चौकोनी ठिगळे साऱ्या उतारावर दिसत होती. “राब झाला वाटतं सगळ्यांचा,” आई काचेला नाक लावून म्हणाली. पुढे तिने एका झाडाला उंबर म्हटले, एका ओढ्याला नाव घेऊन हाक मारल्यासारखी बोलली, आणि मग बेडसे येईपर्यंत काही बोलली नाही.

बेडशाची लेणी रस्त्यापासून जवळ आहेत, तरी कार्ल्या-भाज्याची गर्दी इथे नसते. पायऱ्या चढून गेलो. दोन कातळांच्या फटीतून आत शिरले की एकदम समोर ते प्रचंड खांब उभे राहतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या. दोन हजार वर्षांमागचे काम. पण त्या घोड्यांच्या मानेचा झोक आज सकाळी घेतल्यासारखा आहे. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणारे व्यापारी या वाटांनी जात. भिक्षू पावसाळ्यात अशाच लेण्यांत मुक्काम करीत. म्हणजे तंबू ठोकून राहण्यात आम्ही काही नवीन करीत नव्हतो. फक्त आमचे सामान जास्त होते. आई वर आली नाही. पायथ्याच्या सावलीत एक म्हातारी करवंदे घेऊन बसली होती, तिच्याशी बोलत बसली. आम्ही उतरलो तेव्हा दोघी हसत होत्या.

पवनानगर ओलांडून धरणाच्या दक्षिण अंगाला गेलो. आणि पाणी दिसले. पुढे पाण्यापलीकडे लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी बसलेले, डावीकडे तुंगाचे सुळक्यासारखे टोक, उजव्या हाताला मागे तिकोना. चार किल्ले एका नजरेत मावतात अशी जागा. मे महिना असल्याने पाणी खूप आत गेले होते आणि काठाची माती भेगाळून उघडी पडली होती. मुले पाण्याकडे धावत सुटली तोच आई मोठ्याने ओरडली. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

“पाण्यात पाय घालायचा नाही! आत विहिरी हाईत!”

‘आहेत’ नव्हे, ‘हाईत’.

तंबू उभारण्याचा प्रसंग मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात माझी शोभा नाही. विकणाऱ्या गृहस्थाने “पाच मिनिटांचं काम आहे, सर,” असे सांगितले होते. पाऊण तास झाला तेव्हा एक तंबू उभा होता, परंतु आतली बाजू बाहेर होती. आणि दुसऱ्यात चिरंजीव अडकला होता. मेखा कठीण जमिनीत जाईनात. शेवटी जवळच ज्याचे भाड्याचे तंबू होते तो गडी हातोडा घेऊन आला. चाळिशीचा असेल. त्याने दहा मिनिटांत दोन्ही तंबू उभे केले, आणि आभाळाकडे पाहून म्हणाला, “सर, आज वळवाचं लक्षण हाय. सामान आवरून ठेवा. आजींना लागलंच तर वर आमचं घर हाय.”

आई दगडावर बसली होती. तिने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “कुनाचा रं तू?”

त्याने बापाचे नाव सांगितले. आईने आज्याचे विचारले. त्याने आज्याचे सांगितले. आईने हात वर करून त्याला थांबवले आणि त्याच्या घराची खूण स्वतः सांगितली. दारात चिंच, मागं बैलांचा गोठा, गोठ्याला लागून आमची पडवी. तो ऐकत राहिला. ते घर त्याने पाहिलेच नव्हते. त्याच्या जन्मापूर्वीच ते बुडाले होते. पण घरी ऐकून त्याला पाठ असावे. हातोडा खाली ठेवून तो आईच्या पाया पडला. “म्हंजी आत्या की तुम्ही आमच्या!” असे म्हणाला.

मी बावीस वर्षे ग्रामीण साहित्य शिकवतो. बोलीभाषेच्या वैशिष्ट्यांवर माझी टिपणे विद्यार्थ्यांत बरीच चालतात. ‘ण’चा ‘न’ होणे, ‘आहे’चे ‘हाय’ होणे, सारे उदाहरणांसह. पुस्तकांतून वेचलेली उदाहरणे! आणि ती बोली माझ्याच घरात, माझ्याच आईच्या तोंडात पन्नास वर्षे गप्प बसून होती. चिंचवडच्या चाळीत पहिल्या महिन्यातच तिच्या बोलण्याला कोणी हसले असणार. तिने ते ठेवून दिले, जसे लग्नातले लुगडे ठेवून देतात.

वळीव रात्री साडेआठला आला. तुंगाच्या बाजूने आधी धूळ, मग वारा आणि मग गारेसारखे टपोरे थेंब. एक तंबू पहिल्याच झटक्यात मेखांसकट निघाला आणि पाण्याच्या दिशेने चालू लागला. आम्ही त्याच्या दोऱ्या धरून मागे. सौ.ने शेगडीवरचे पातेले तसेच उचलून गाडीत ठेवले. कन्येचा हत्ती भिजून दुप्पट जड झाला. मी चिखलात बसलो. बसलो म्हणजे आपण होऊन नव्हे. तेवढ्यात वरून बॅटरीचा उजेड आला आणि तो गडी पोती डोक्यावर घेऊन धावत खाली उतरला. “चला, चला! आत्याला मी घेतो!”

चढणीवरचे त्यांचे घर विटांचे आणि पत्र्याचे आहे. दाराची चौकट मात्र जुन्या सागवानाची, दारापेक्षा कितीतरी भारदस्त. बुडालेल्या घरातली ती. गाव उठायच्या वेळी माणसांनी तुळया, वासे, कौले, जे निघेल ते काढून डोक्यावरून वर वाहून आणले होते. त्या चौकटीला हात लावून आई आत शिरली.

आत त्याची आई होती. आईपेक्षा दोनएक वर्षांनी मोठी. लग्न होऊन त्या गावात आली आणि थोड्याच काळात गाव गेले. तिला दिसत कमी होते. दोघींनी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवले आणि मग जे बोलणे सुरू झाले ते आम्ही पिठले, भाकरी आणि इंद्रायणीचा भात खाऊन उठलो तरी चालूच होते. हा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रात निपजला, आंबेमोहोराचा वारस. त्याचा वास पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात मिसळून त्या रात्री जसा आला तसा चिंचवडला कधी आला नाही. तांदूळ तोच, पाणीही तेच.

मी त्या गड्याबरोबर ओटीवर बसलो. त्याला जमिनीचे विचारले.

“जमीन गेली, सर. बदल्यातली जमीन यायची हाय,” तो शांतपणे म्हणाला. “आज्यानं अर्ज केला. बापानं अर्ज केला. मी तंबू टाकले.”

पवनेच्या धरणग्रस्तांपैकी पुष्कळांचे पुनर्वसन धरण बांधून अर्धे शतक लोटले तरी झालेले नव्हते. त्याहून एक कडू आठवण आहे. धरणातून थेट शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याची योजना निघाली. तसे झाले तर नदीतून मिळणारे शेतीचे पाणी जाईल, म्हणून मावळातले शेतकरी उठले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर ते जमले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले; त्यांत एक स्त्री होती. जलवाहिनीचे काम बंद पडले ते वर्षानुवर्षे बंदच राहिले. त्या संध्याकाळी आम्ही सगळे दूरचित्रवाणीपुढे बसलो होतो. मी म्हणालो होतो की आता आपले पाणी कमी होणार की काय. आई उठून आत गेली होती. तेव्हा मला वाटले, दूध उतू जात असेल.

“तुम्ही कुठं असता?” त्याने विचारले.

“चिंचवडला.”

“हां, मग रोज भेट हाय आपली,” तो हसला.

पाऊस थांबल्यावर त्याने मुलांना उठवून बाहेर नेले. घरामागच्या हिरड्याच्या झाडावर काजवे लागले होते. एकदोन नव्हे, सारे झाड एका ठेक्यात पेटत होते आणि विझत होते. चिरंजीवांच्या हातात तो चित्रे टिपायचा फोन होता. त्याने तो वर केला, पडद्यावर नुसता काळोख आला, म्हणून खिशात ठेवला आणि नुसता पाहत उभा राहिला. ही गोष्ट मी त्याच्या आयुष्यात प्रथमच पाहिली.

सकाळी आईला वाघेश्वराला जायचे होते. काळ्या दगडाचे हे हेमाडपंती देऊळ वर्षाचा बराच काळ धरणाच्या पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की बाहेर येते. गाळ तुडवीत गेलो. भिंती उभ्या आहेत, दगडांवर शेवाळाचे सुकलेले पापुद्रे, आत ओल. आईने चिमूटभर हळदकुंकू पदराच्या टोकात बांधून आणले होते. ते वाहिले आणि बाहेर येऊन आपले गाव शोधू लागली.

“इथून खाली पार होता,” ती म्हणाली. मग थांबली. “नाही, पार तिकडं. मग ही वाट कुठली?” तिने तुंगाकडे पाहिले, लोहगडाकडे पाहिले, त्या दोहोंच्या मापाने पुन्हा मोजले. तिच्या लहानपणी मधे पाणी नव्हते, नदी होती. करवंदांच्या, जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया नदी ओलांडीत, लोहगड-विसापूरच्या मधल्या गायमुख खिंडीतून माळवलीच्या स्टेशनवर जात आणि गाडीत बसून लोणावळ्याला विकीत. ती आईबरोबर दोनदा गेली होती. त्या वाटेचा आरंभ तिला सापडेना. मला मनातून वाटत होते की काहीतरी सापडावे, एखादा उंबऱ्याचा दगड, एखादे जाते. लेखाला बरे दिसले असते. काही सापडले नाही. तिचे गाव अजून थोडे आत, पाण्यातच होते. ती वाळत चाललेल्या चिखलावर उभी राहिली, उन्हाला हात आडवा धरून पाहत राहिली, आणि मग कन्येला म्हणाली, “चल गं, ऊन झालं.”

दुधिवरे खिंडीतून आम्ही लोणावळ्याकडे उतरलो. २०२५ च्या जुलैत ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत लोहगड आहे. आई त्याला अजून ‘आमच्या समोरचा डोंगर’ म्हणते.

लोणावळ्याचे वर्णन मी काय करावे! १८६३ साली बोरघाटातून आगगाडी गेली तेव्हापासून या गावाला पाहुण्यांची सवय आहे. वळवणच्या तलावावरून जाताना मुलांना सांगितले की, या बाजूचे पाणी टाटांनी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. “म्हणजे मावळातलं पाणी इकडून नळातून जातं आणि तिकडून तारेतून जातं,” चिरंजीव म्हणाला. मी त्याला शाबासकी दिली नाही. उगाच चढून जातो.

बाजारात सौ. आणि मुले चिक्कीच्या दुकानात शिरली. आई बाहेर करवंदे विकणाऱ्या एका पोरीजवळ उकिडवी बसली. पोरगी कुठली, कोणत्या खिंडीतून येते, किती वाजता निघते, सगळी चौकशी झाली. मग आईने तिच्यासमोरची पाने उचलून एक द्रोण करून दाखवला. पोरीचे द्रोण सैल होत होते, त्यांतून करवंदे गळत होती. आईचा द्रोण घट्ट बसला. अशी पाचसहा पाने वळून होईपर्यंत आम्ही गाडीत बसून वाट पाहत होतो आणि मागचे लोक भोंगे वाजवीत होते.

परतीच्या वाटेवर गर्दी तुंबली. मुले झोपली. हत्ती खिडकीत वाळत ठेवला होता. तळेगाव मागे पडल्यावर आईने विचारले, “दिवाळीला पाणी कुठवर असतं रे तिथं?”

“भरलेलं असतं. पार वरपर्यंत.”

“मग मेमध्येच यायला पाहिजे,” ती म्हणाली. “आणि थोडं उशिरा. पाणी अजून खाली गेल्यावर.”